देणगी आणि भेट

माझी कन्या न्यूयॉर्कमध्ये मॅनहटन भागात राहते. जावईबापूंचा व्यवसाय तेथील ४७व्या रस्त्यावरील हिरेबाजारात आहे. या व्यापारात जैन आणि ज्यू व्यापारी अनेक वर्षे एकमेकांशी व्यवहार करीत आले आहेत. सौदा ठरला की हातात हात देऊन 'मझल' हा हिब्रू शब्द उच्चारायचा, की व्यवहार पक्का. आपले जैन व्यापारीही हीच रीत पाळतात. व्यापारातील हा शेजार मला ऐकून ठाऊक होता. त्यापलीकडचा शेजार माझ्या सोळा वर्षांच्या नातीने मला दाखविला.

तिची एक ज्यू मैत्रीण तिला 'दोरोत' या संस्थेच्या कामाला नेत असे. 'दोरोत' म्हणजे पिढ्या. १९७६ साली कोलंबिया विद्यापीठाशी संबंधित काही तरुणांनी परिसरातील एकाकी वृद्धांसाठी ही संस्था सुरू केली. सणापूर्वी स्वयंसेवक वृद्धांच्या घरी खाद्यपदार्थांची पिशवी पोहोचवितात आणि तेथे थोडा वेळ बसून बोलतात. "आजोबा, कॉलेजच्या अर्जात हे लिहिता येतं, म्हणून जाते मी," असे नातीने सरळ सांगितले. तिचा प्रामाणिकपणा मला आवडला, हेतू मात्र रुचला नाही.

दिवस पासोव्हरच्या आधीचे होते. या सणाला मराठी बायबलात 'वल्हांडण' म्हटले आहे. या काळात ज्यू घरांत आंबवलेली भाकरी वर्ज्य असते. 'मात्सा' नावाची, न फुगलेली कडक पोळी खातात. आपल्याकडे पर्युषणात काय चालते, काय चालत नाही हे पाहत वाढलेल्या नातीला हे समजावून सांगावे लागले नाही. पिशवी जड होती, म्हणून मीही सोबत गेलो.

दार उघडणाऱ्या आजीबाई नव्वदीच्या, एकेकाळच्या गणिताच्या शिक्षिका. घर नीटनेटके होते. पैशाची चणचण दिसत नव्हती. त्यांनी पिशवी न उघडताच बाजूला ठेवली आणि नातीला बसविले. सणाच्या रात्री घरातील सर्वांत लहान मुलाने चार प्रश्न विचारायचे आणि मोठ्यांनी मिसरच्या गुलामगिरीतून झालेल्या सुटकेची कथा सांगायची, अशी प्रथा त्यांनी सांगितली. "आणि घरात मूल नसलं तर?" नातीने विचारले. "कोणीच नसेल तर माणसानं स्वतःलाच विचारायचं. मी सहा वर्षं स्वतःलाच विचारते आहे."

नात क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "आज मी विचारू?" अर्ध्या तासासाठी गेलेलो आम्ही दोन तासांनी उतरलो. त्यानंतर नात दर आठवड्याला तेथे जाऊ लागली. अर्ज भरून झाल्यावरही तिचे जाणे थांबले नाही.

परतताना मला माझी शाखा आठवली. एक निवृत्तिवेतनधारक गृहस्थ दर सोमवारी पासबुक भरून घ्यायला येत. बहुधा नवी नोंद नसे. एके दिवशी गर्दीत मी त्यांना म्हणालो, "काका, पुढच्या महिन्यातच या, उगाच फेरी पडते." ते "बरं" म्हणाले आणि खरोखरच येईनासे झाले. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यांचे काम चालू असता त्यांचा दाखला आला नाही, तेव्हा मला कळले. ते पासबुकासाठी येत नव्हते, हे समजायला मला पुढे वीस वर्षे आणि एक परकी आजीबाई लागल्या.

ज्यू धर्मशास्त्रात दान आणि सेवा यांत भेद केला आहे. दान धनाने होते, सेवा धनाने आणि देहानेही. दान गरिबाला द्यावे लागते, सेवेची गरज श्रीमंतालाही असते. म्हणून सेवा श्रेष्ठ. आपल्याकडे सहा आभ्यंतर तपांत वैयावृत्त्याला स्थान आहेच. साधु-साध्वींच्या बाबतीत आपण ते श्रद्धेने पाळतो. वृद्धाश्रमाला देणगी देण्यातही आपला समाज मागे नाही. मीही दरवर्षी धनादेश पाठवीत आलो. पण तेथे जाऊन बसलो किती वेळा, याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते.

गेल्या वर्षी पर्युषणानंतर आमच्या पाठशाळेतील सात मुलांना घेऊन मी एक लहानसा प्रयोग केला. प्रकृतीमुळे मंदिरात येऊ न शकणाऱ्या ज्येष्ठांची प्रभावना एरवी शेजाऱ्यांच्या हाती जाई. ती मुलांनी स्वतः नेऊन दिली. अट दोनच: मोबाइल खिशात ठेवायचा आणि निदान एक प्रश्न विचारायचा. एका मुलाने विचारले, "तुमचं पहिलं दुकान कुठं होतं?" त्या घरून तो सर्वांत उशिरा परतला. सातांपैकी चौघे अजूनही जातात.

त्या संवत्सरीला सर्वांना 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणताना मी त्या पासबुकवाल्या काकांनाही मनोमन क्षमा मागितली. त्यांच्यापर्यंत ती पोहोचणार नाही. ज्यांच्यापर्यंत आपण अजून पोहोचू शकतो, अशी वडीलधारी माणसे मात्र आपल्याच गल्लीत आहेत.