एकाच खोऱ्यातली दोन धरणं

होस्टेलवाल्यांना बॅकअप वेगळा शिकवावा लागत नाही. मेस बंद राहील म्हणून कपाटात मॅगी, अलार्म वाजला नाही तर उठवायला शेजारचा पार्टनर. पण हीच मंडळी लॅबमध्ये शिरली की वर्षभराचा प्रोजेक्ट एका डिस्कवर ठेवून निवांत चहाला जातात!

आमच्या लॅबमध्ये एकच दणकट मशीन होतं. त्यावर लिनक्स, के.व्ही.एम. आणि पोटात अकरा व्हर्च्युअल मशीन्स, प्रत्येक ग्रुपला एक. बाहेरून अख्खा कॉम्प्युटर वाटणारी ही चीज होस्टच्या लेखी एक मोठी फाईल असते. म्हणून सगळ्यांना वाटतं, फाईलच तर आहे, कॉपी मारली की झालं.

गोची इथेच आहे. मशीन चालू असताना कॉपी व्हायला वीस मिनिटं लागली, तर फाईलचं डोकं वीस मिनिटांपूर्वीचं आणि शेपूट आत्ताचं. मोबाईलवर पॅनोरमा फोटो काढताना एखादा आगाऊ पोरगा मागून पळत दुसऱ्या टोकाला जातो आणि फोटोत दोनदा येतो ना, तसंच. डेटाबेसला असा फोटो चालत नाही. मशीन नीट शट डाऊन करून कॉपी करणं सगळ्यात बिनधोक. ते जमत नसेल तर स्नॅपशॉट घ्यायचा. मग नवं लिखाण वेगळ्या फाईलमध्ये जातं, मूळ फाईल स्थिर राहते. ती कॉपी करायची आणि वेगळी फाईल परत मुळात मिसळायची. हे मिसळणं लोक हमखास विसरतात, आणि ती फाईल फुगत फुगत डिस्क भरून टाकते.

शिवाय मशीनचं वर्णन, म्हणजे मेमरी किती, नेटवर्क कुठलं, हे वेगळ्या एक्सएमएल फाईलमध्ये असतं. ती घेतली नाही तर उत्तरपत्रिका आहे पण सीट नंबर नाही, अशी गत! आणि फॅट-बत्तीसवाल्या जुन्या डिस्कवर चार जीबीच्या वरची फाईल मावतच नाही. असो.

सीनियर्सचं लाडकं वाक्य: "अरे, स्नॅपशॉट घेतलाय ना!" घेतलाय, पण त्याच डिस्कवर. खडकवासल्यात राहून हे समजवावं लागू नये. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं. आंबी नदीवरचं ते मातीचं धरण पुरं व्हायच्या आधीच भरलं होतं. तो लोंढा खाली आला आणि आपलं जुनं दगडी खडकवासला धरणही फुटलं. पुण्यात काय झालं ते घरोघरच्या आजी-आजोबांना विचारा. आज पानशेतची साठवण 10.65 टीएमसी आणि खडकवासल्याची 1.97. वरचं गेल्यावर खालचं कसं टिकणार? धरणं दोन होती खरी, पण एकामागे एक.

आमचा लोंढा सबमिशनच्या आठवड्यात आला. लाईट तीनदा गेली, यू.पी.एस.ने मान टाकली आणि होस्टची डिस्क गेली ती गेलीच. स्नॅपशॉटही तिच्याबरोबर. दहा ग्रुपची मशीन्स आदल्या रविवारी बंद करून लॅबच्या काकांनी आणि मी एक्स्टर्नल डिस्कवर घेतली होती. दुसऱ्या होस्टवर ती रात्रीपर्यंत उभी राहिली. अकराव्या ग्रुपने "आमचं काम चालू आहे, बंद करू नका" म्हणत स्वतःच चालू मशीनची कॉपी घेतली होती. मशीन सुरू झालं, पण डेटाबेस उघडेना. डोणजे आणि गोऱ्ह्याच्या विहिरींतल्या पाण्याच्या वर्षभराच्या नोंदी त्यात होत्या.

वाचवलं कशाने? तर कागदाने! विहिरीवर उभं राहून पेनने भरलेले फॉर्म एकीच्या ट्रंकेत होते. दोन रात्री एकाने आकडे वाचायचे, दुसऱ्याने टाईप करायचे. व्हायव्हा झाला, मार्कही बरे पडले.

आता दर रविवारी बॅकअप होतो, आणि महिन्यातून एकदा त्यातलं एखादं मशीन उभं करून पाहतो, कारण न उघडलेल्या बॅकअपवर काकांचा विश्वास नाही. एक डिस्क लॅबमध्ये, दुसरी एका डे-स्कॉलर मैत्रिणीच्या पुण्यातल्या घरी. खोरं तेच आहे म्हणा, पण निदान मजला चौथा आहे.