पगार डॉलरचा, पीठ परदेशाचे

गावोगाव फिरताना हल्ली मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. बियाण्याचा नाही, औषधाचा नाही. "साहेब, बाहेरच्या देशात पगार किती मिळतो हो?" विचारणाऱ्याच्या घरी बारावी झालेला मुलगा असतो आणि दोन एकर विकून त्याला कुठेतरी धाडावे, असा विचार मनात घोळत असतो. पगाराचा आकडा कळला की तो रुपयांत गुणाकार करतो आणि तिथेच थांबतो. आज तो हिशेब पुढे कसा न्यायचा, ते आपण एका लांबच्या बेटावर जाऊन पाहू.

त्रिनिदाद हे नाव क्रिकेटमुळे तुमच्या कानांवरून गेलेले असेल. १९७१ साली अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला प्रथमच कसोटीत हरवले, ते याच बेटावर, पोर्ट ऑफ स्पेनला. सुनील गावसकरांचा तो पहिलाच कसोटी सामना. माझे वडील ती गोष्ट आम्हां मुलांना रंगवून सांगत. त्रिनिदाद आणि शेजारचे टोबॅगो मिळून हा देश होतो. क्षेत्रफळ ५,१२८ चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याएवढे. वस्ती सुमारे १४ लाख.

त्यांतले कितीतरी लोक मूळचे आपल्याच देशातले. ३० मे १८४५ रोजी भारतातून मजुरांचे पहिले जहाज तिथे लागले. त्यानंतर १९१७ पर्यंत सव्वा लाखाहून अधिक माणसे करारावर नेली गेली. बहुतेक सगळी उत्तर प्रदेश-बिहारकडची. काम एकच, उसाचे मळे. आजही त्यांच्या नातवंडा-पतवंडांच्या जेवणात रोटी, दाल आणि भाजी हेच शब्द आहेत.

माझा पुतण्या मालवाहू जहाजावर नोकरीला आहे. २०२४ साली त्याचे जहाज तिथल्या पॉइंट लिसास बंदरात थांबले होते. घरी आल्यावर तो म्हणाला, "काका, तिथे साध्या कामगाराला तासाला वीस डॉलरच्या वर मिळतात!" खरेच आहे. १ जानेवारी २०२४ पासून सरकारने ठरवलेले किमान वेतन तासाला साडेवीस डॉलर झाले. मात्र हा डॉलर अमेरिकेचा नव्हे, त्रिनिदादचा. त्याचे आपले बारा-तेरा रुपये होतात. आठ तासांचे १६४ डॉलर, म्हणजे सुमारे दोन हजार रुपये रोज. ऐकूनच आमच्या ओसरीवरची मंडळी गप्प झाली.

मी त्याला विचारले, "तिथे खाल्लेस काय आणि दिलेस किती?" त्याने 'डबल्स' खाल्ले होते. मैद्याच्या दोन मऊ तळलेल्या पुऱ्या आणि मध्ये हरभऱ्याची उसळ. गोरगरिबांची ती रोजची न्याहारी. एका नगाला त्याने सहा डॉलर दिले, म्हणजे पाऊणशे रुपये. आता हिशेब करा. घरात चार माणसे, प्रत्येकी दोन नग. आठ नगांचे ४८ डॉलर झाले. १६४ पैकी ४८ सकाळच्या न्याहारीतच गेले! दुपारचे जेवण, घरभाडे, मुलांच्या वह्या, बसभाडे अजून पुढेच आहे.

इतके महाग का? बेटावर गहू पिकत नाही. हरभरा, डाळ, बटाटा, कांदा, दुधाची भुकटी यांतले बहुतेक सगळे जहाजाने येते. डबल्स तिथल्या गल्लीतले, पण त्यातला गहूही परका आणि हरभराही परका. २०२२ साली युक्रेनच्या युद्धाने जगभर गहू भडकला. त्या एका वर्षात त्रिनिदादमध्ये पिठाचे भाव दोनदा चढले. ज्या घराचा त्या युद्धाशी काडीचा संबंध नव्हता, त्या घरची रोटी महागली. पगार मात्र त्या वर्षी होता तेवढाच राहिला. किमान वेतन डिसेंबर २०१९ पासून साडेसतरा डॉलर होते. ते वाढायला २०२४ उजाडले.

तुम्ही म्हणाल, जमीन नाही का तिथे? आहे की! उसाची सरकारी कंपनी होती, कारोनी नावाची. तिच्याकडे ७० हजार एकरांहून अधिक जमीन होती. साखर तोट्यात गेली म्हणून २००३ साली कंपनीचा गाशा गुंडाळला आणि नऊ हजारांच्या आसपास कामगार घरी बसले. त्यांना पैसे मिळाले. कसायला दोन-दोन एकर द्यायचे ठरले, पण त्या तुकड्यांची वाट पाहण्यात कित्येकांची वर्षे गेली. देशाला मात्र त्याची फारशी झळ लागली नाही, कारण खाली तेल आणि वायू होता. पैसा येत होता आणि पैशाने धान्य विकत मिळत होते.

शेतकऱ्याने ध्यानात ठेवावी अशी गोष्ट पुढे आहे. त्याच वायूपासून पॉइंट लिसासला अमोनिया तयार होतो. आपण नत्रखत म्हणून जे शेतात टाकतो, त्याचे मूळ हा अमोनिया. जगाला अमोनिया विकणाऱ्या मोठ्या देशांत त्रिनिदादची गणना होत आली आहे. जगाच्या शेतांना नत्र पुरवणारा हा देश स्वतःचे ताट भरायला दरसाल पाच अब्जांहून अधिक त्रिनिदादी डॉलर परदेशांना मोजतो. २०१४ नंतर तेलाचे भाव कोसळले. २०१८ साली सरकारी तेलशुद्धीकरण कारखाना बंद पडून हजारोंची रोजी गेली. आवक आटली, पण जहाजाने येणाऱ्या धान्याचे बिल कुणी कमी केले नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हा देश कंगाल नाही. जागतिक बँक त्याला उच्च उत्पन्नाच्या देशांत धरते. सरकारी दवाखान्यात उपचार मोफत, सरकारी शाळेत शिक्षण मोफत, वीज स्वस्त. आपल्याला हेवा वाटावा अशाच या गोष्टी आहेत. आणि खेड्यांतल्या पुष्कळ घरांमागे अजून परसबाग आहे. तुरीची चार झाडे, वांगी, भेंडी, चवळीच्या शेंगांचा वेल. शहरातल्या आणि खेड्यातल्या अशा दोन घरांचा पगार सारखा असला, तरी महिनाअखेर दोघांच्या हातात सारखेच राहील असे नाही. तिथली सरकारे आता हीच गोष्ट धरून बसली आहेत. बाहेरून येणाऱ्या अन्नाचे बिल २०२५ पर्यंत पाव हिश्शाने कमी करायचे, असे कॅरिबियन देशांनी मिळून ठरवले. ते साधले नाही, म्हणून मुदत २०३० पर्यंत वाढवली. एकदा मोडलेली शेती पुन्हा उभी करायला किती काळ लागतो, पाहा.

माझ्या आईने जन्मात पगार पाहिला नाही. पण कणगीतली ज्वारी, उतरंडीतली डाळ, गोठ्यातले दूध आणि कुंपणावरचा दोडका यांचे मोल तिने कधी धरले नाही आणि आम्हीही धरले नाही. हे सारे बाजारातून आणावे लागले असते, तर वडिलांची कमाई पंधरा दिवसही पुरली नसती.

मुलाला बाहेर पाठवू नका, असे मी म्हणत नाही. जाऊ द्या, शिकू द्या, कमावू द्या. पण जमिनीचा तुकडा काढण्याआधी एक काम करा. घरच्या लक्ष्मीला सोबत घेऊन बसा आणि वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात तिथला पगार. दुसऱ्यात तिथले खाणे, राहणे आणि जाणे-येणे. तिसऱ्यात आज तुमच्या घरात विकत न घेता येते ते सगळे, अगदी कढीपत्त्यापर्यंत, बाजारभावाने. हा तिसरा रकाना घरातल्या बायकांकडूनच भरून घ्या. पुरुषांना त्यातले निम्मेसुद्धा आठवणार नाही.