खुर्ची आणि खर्ज

कोर्लईच्या किल्ल्याजवळ कुंडलिका नदी समुद्राला मिळते. १७४० साली पोर्तुगीज हा मुलूख सोडून गेले. परंतु त्यांच्या भाषेतून घडलेली एक बोली पायथ्याच्या ख्रिस्ती वस्तीत मागे राहिली. गावकरी तिला ‘नो लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, असे म्हणतात. त्या बोलीतील जुनी गाणी गाणारे एक वृद्ध गृहस्थ माझ्या परिचयाचे होते. त्यांचा आवाज खर्जातला. लग्नघरी ते गाऊ लागले की बाकीचे आवाज आपोआप खाली बसत. त्यांच्या निधनापूर्वी दोन वर्षे गावातील एका तरुणाने त्यांची काही गाणी ध्वनिमुद्रित करून ठेवली होती.

मासिक स्मरणाच्या मिस्सेनंतर त्यांची मुले माझ्या बैठकीच्या खोलीत ती गाणी ऐकायला आली. माझ्याकडे दोन जुने, भारदस्त स्पीकर आहेत. ते मी समोरच्या दोन कोपऱ्यांत भिंतीला टेकवून ठेवले होते. थोरला मुलगा मागच्या भिंतीलगतच्या बाकावर बसला, मुलगी माझ्या वेताच्या खुर्चीवर. गाणे सुरू झाले आणि मुलाचे डोळे भरून आले. मुलगी मात्र गोंधळली. “फादर, हे पपा नव्हेत. पपांचा आवाज इतका पातळ नव्हता,” ती म्हणाली. दुःखात कानही हळवे होतात, असे काहीसे बोलून मी तिची समजूत घातली. ती गप्प राहिली. मनातल्या मनात मी ध्वनिमुद्रण करणाऱ्या त्या तरुणालाही दोष देऊन मोकळा झालो.

त्या रात्री मी एकटाच त्या खुर्चीवर बसलो आणि गाणे पुन्हा लावले. आवाज खरोखरच पातळ होता. उठून बाकावर गेलो, तर तोच आवाज छातीत घुमू लागला. भाऊ आणि बहीण दोघेही खरे बोलत होते.

मग शोध सुरू झाला. एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्या गेल्या, तर दोहोंचा खर्ज परस्परांना मारतो. म्हणून प्रथम त्या तपासल्या. त्या बरोबर होत्या. अ‍ॅम्प्लिफायरवरील बासची कळ वाढवली, तर बाकावर बसवेना आणि खुर्चीवर फारसा फरक पडेना. खिडक्यांना पडदे लावले, त्याने गाण्यातील स तेवढा बोथट झाला. हार्वर्ड विद्यापीठात १८९५ साली वॉलेस सेबाइन यांनी एका व्याख्यानगृहाचा घुमारा आसनांवरच्या गाद्या आणून कमी केला होता, हे मला ठाऊक होते. परंतु ते मोजमाप करीत ५१२ हर्ट्झच्या ऑर्गन-नळीने. त्या स्वराची तरंगलांबी जेमतेम सव्वादोन फूट. माझा शत्रू बराच लांबलचक होता.

किती लांब, ते मोबाइलवरील एका साध्या साधनाने कळले. वृद्धाचा खर्ज ९५ हर्ट्झच्या आसपास रेंगाळत होता. आपल्याकडच्या उष्ण हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४९ मीटर धावतो. त्याला ९५ ने भागले तर तरंगलांबी येते ३.६७ मीटर, म्हणजे १२ फूट. माझी खोलीही १२ फूट लांब! भिंती दगडी, त्या खर्जाला शोषत नाहीत, परत पाठवतात. खुर्ची मागच्या भिंतीपासून बरोबर ३ फुटांवर होती. तिच्याजवळून गेलेला तरंग ३ फूट जाऊन, आपटून, ३ फूट परत येई. एकूण ६ फूट, म्हणजे अर्धी तरंगलांबी. जाणाऱ्याच्या शिखरावर येणाऱ्याचा खळगा बसे आणि खर्ज तेथेच विझे. भिंतीलगत मात्र दोघांची शिखरे एकत्र येऊन आवाज दुणावे. कळ फिरवून हा खड्डा का भरेना, तेही उमगले: जाणारा तरंग जितका वाढवावा, तितकाच येणाराही वाढतो.

उपाय पैशाविना झाला. एकच सूर लावून ठेवला आणि कानाने जमीन मोजावी तसा खोलीभर हळूहळू फिरलो. खुर्ची दीड फूट पुढे, भिंतीपासून साडेचार फुटांवर आणली. कोपऱ्यात खर्ज सर्वाधिक फुगतो. म्हणून स्पीकर तेथून दीड-दोन फूट बाहेर ओढले. कापसाच्या दोन जाड गाद्या गुंडाळून कोपऱ्यांत उभ्या केल्या. त्यांचा उपयोग थोडाच झाला. आजही काही सूर किंचित फुगतात. पण आता खुर्चीवरचा माणूस आणि बाकावरचा माणूस एकच गाणे ऐकतात.

तरुणाला भेटून मी मनातला आरोप सांगितला आणि मागे घेतला. तो हसला. मुलीला निरोप धाडला. ती आली, त्याच खुर्चीवर बसली. पहिल्याच ओळीला तिने पदर तोंडाशी नेला.

“बाई, त्या दिवशी तुझे कान बरोबर होते, चूक माझ्या खुर्चीची होती,” मी म्हणालो.

तिने हात वर करून मला थांबवले. गाणे अजून संपले नव्हते.