पुष्पवतीचें खोरें

गोदातीरीं राहणारास हिमालय दूरचा वाटतो. परंतु नांदेडचा एक धागा थेट हिमशिखरांपर्यंत गेला आहे. श्रीगुरु गोविंदसिंगांनीं इ. स. १७०८ सालीं देह ठेविला तो या नगरींत. आणि ‘बिचित्र नाटक’ ग्रंथांत त्यांच्या पूर्वजन्मींच्या तपाचें जें स्थान वर्णिलें आहे, तें हेमकुंड गढवालांत असल्याचें मानितात. गेल्या श्रावणांत तिकडे जाण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला.

जोशीमठाहून बदरीनाथाच्या वाटेवर गोविंदघाट लागतो. तेथून डोंगर चढून घांघरियास मुक्काम करावयाचा. पुढें वाट दुभंगते. उजवीकडे हेमकुंडाची उभी चढण. डावीकडे पुष्पवती नदीचें खोरें, ज्यास ‘फूलों की घाटी’ म्हणतात. यात्रेकरूंचा ओघ उजवीकडे वळतो.

खोरें सुमारें ८ किलोमीटर लांब व २ किलोमीटर रुंद आहे. कामेट शिखर सर करून परततांना फ्रँक स्माइथ या इंग्रज गिर्यारोहकास १९३१ सालीं तें दिसलें, व १९३८ च्या त्याच्या पुस्तकानें तें जगास ठाऊक झालें. मेंढपाळांस मात्र तें पूर्वापार ठाऊक होतें. १९३९ सालीं वनस्पती गोळा करण्यास आलेली जोन लेग ही बाई येथेंच कड्यावरून घसरून निवर्तली. तिची समाधि फुलांत उभी आहे.

येथें वनस्पतींच्या पांचशेंहून अधिक जाती आहेत. आपल्या परसांतल्या तेरड्याचा एक उंच भाऊबंद पुरुषभर वाढलेला पाहून मौज वाटली. परंतु संस्कृत शिकविण्यांत आयुष्य घालविलेल्या मनुष्यास खरा हर्ष झाला तो भूर्जवृक्ष पाहून. ज्याच्या सालीवर आपल्या पूर्वजांनीं पोथ्या लिहिल्या, कुमारसंभवांत विद्याधरींचीं प्रेमपत्रें ज्यावर उमटलीं, त्या झाडाची पापुद्र्यापापुद्र्यांची साल प्रथमच हातीं लागली.

१९८२ सालीं हें खोरें राष्ट्रीय उद्यान झालें व २००५ सालीं जागतिक वारशांत गणलें गेलें. आंत रात्रीं राहण्यास मनाई आहे, फूल तोडण्यासही. मेंढ्यांची चराई बंद झाली. मात्र येथें एक कूट उभें राहिलें. पॉलिगोनम नांवाची एक उंच वनस्पति फोफावून नाजूक फुलांस झांकूं लागली. चराई थांबल्यानेंच हें झालें, असें कांहीं म्हणतात. जुन्या गोठणांच्या उकरलेल्या जमिनींतच ती मुख्यतः वाढते, असें दुसरे म्हणतात. निर्णय कांहींही असो, ती उपटण्यासाठीं वनखात्यास दरवर्षीं मजूर लावावे लागतात. यात्रामार्गावरील केरकचरा भ्यूंडार खोऱ्यांतील गांवकऱ्यांची समिति उचलते. कुंपण घालून निश्चिंत बसणें म्हणजे संरक्षण नव्हे, हें तेथें डोळ्यांनीं दिसतें. आणि ज्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट थांबली, त्यांस या कामांत वांटा मिळणें हाच न्याय होय.

आपल्या मराठवाड्यांत वनें थोडीं. लातूर जिल्ह्यांत तर अत्यल्पच. तथापि किनवट-माहूरकडे सागाचीं रानें आहेत, पैनगंगेच्या कांठीं अभयारण्य आहे, सहस्रकुंडाचा धबधबा आहे. हिमालयाची यात्रा सर्वांस घडत नाहीं. परंतु दिवाळीच्या सुटींत घरांतल्या मुलांस किनवटाच्या रानांत नेणें कोणत्याही कुटुंबास अशक्य नाहीं. झाडांचीं नांवें तेथल्या माणसांसच विचारावीं. तीं त्यांस आपल्याहून अधिक ठाऊक असतात.