कुळ्याची अरण्यवाट

गोव्यातील कुळे स्थानकापासून दूधसागराच्या पायथ्याकडे जाणारी वाट भगवान महावीर अभयारण्यातून जाते. अंतर अवघे १०-१२ किलोमीटर. तथापि तिला रस्ता म्हणणे म्हणजे तिचा गौरवच होय. तांबडी माती, उघडी पडलेली मुळे, चाकोऱ्यांत साचलेला चिखल, आणि मध्येच आडवे येणारे पाणी! पावसाळ्यात ही वाट बंद असते. इतर दिवसांतही परवान्याच्या जीपगाड्याच तेथे जातात, आणि ते योग्यच आहे.

पाण्यात शिरण्यापूर्वी जाणता चालक गाडी थांबवून प्रवाहाची खोली व वेग न्याहाळतो. मग चारही चाकांना जोर देऊन, खालच्या गियरात, एकाच संथ गतीने तो पार होतो. पाण्यात असता तो गियर बदलीत नाही, थांबतही नाही. पलीकडे गेल्यावर भिजलेले ब्रेक हळूहळू दाबून सुकवितो. अरुंद उतारावर, वर येणाऱ्या गाडीस तो प्रथम वाट देतो.

वाचकहो, सहलीस गेलात तर अशा चालकास घाई करू नका. सुमारे ३१० मीटर उंचीवरून कोसळणारा तो धबधबा घटकाभर उशिराही तितकाच शुभ्र दिसतो. गाडीतील लेकरे मात्र सुखरूप घरी परतली पाहिजेत.