काटा पन्नासवर!

अर्धा बार. फक्त अर्धा! फुटबॉलच्या नियमांत चेंडूतल्या हवेचा दाब ०.६ ते १.१ ॲटमॉस्फिअर असावा असं लिहिलेलं आहे, आणि लाख-लाख टनांची दोन जहाजं भर समुद्रात एकमेकांना भिडतात तेव्हा मध्ये जो अजस्र रबरी लोड तरंगत असतो, त्यात हवा असते पोरांच्या चेंडूपेक्षाही कमी दाबाची. हे मला आत्ता, वयाच्या पन्नाशीत कळलं आणि तेव्हापासून मी भेटेल त्याला थांबवून सांगतोय. घरातल्यांनी तर हात जोडलेत.

झालं असं की माझा आतेभाऊ उरणकडच्या एका यार्डात फेंडरचं काम बघतो. फेंडर म्हणजे जहाज आणि धक्का, किंवा जहाज आणि जहाज, यांच्यामध्ये टाकायचं मऊ काहीतरी, इतपत मला ठाऊक होतं. भाऊच्या धक्क्यावर लाँचच्या कडेला लटकणारे जुने टायर आपण सगळ्यांनीच पाहिलेत. पण "दादा, ये एकदा, हवा मारताना बघ," असं तो म्हणाला तेव्हा मी आपला रविवार मोकळा होता म्हणून गेलो. आणि तिथे जमिनीवर घडी घालून पडलेलं ते काळं रबरी धूड! ३.३ मीटर व्यास, ६.५ मीटर लांबी. फुगला की माझ्यासारखी दोन माणसं एकावर एक उभी केली तरी जेमतेम त्याच्या पाठीपर्यंत पोचतील.

वही काढली आणि हिशेब मांडला. दोन्ही टोकं गोल, मध्ये नळकांडं. आतली जागा झाली साधारण ४६ घनमीटर. पण अर्धा बार जास्तीचा दाब हवा म्हणजे तेवढ्या जागेत दीडपट हवा कोंबायची, म्हणजे बाहेरची जवळजवळ ६९ घनमीटर. मिनिटाला दोनशे लिटर देणारा गॅरेजमधला कॉम्प्रेसर लावला तर पावणेसहा तास! इथे ट्रॉलीवरचा मोठा डिझेल कॉम्प्रेसर होता. तो धडधडायला लागला आणि त्या सुरकुतलेल्या कातडीत पोट सुटावं तशी हवा शिरायला लागली. एकेक घडी उलगडताना जो काही धप्प, फट्‌ आवाज येतो, तो ऐकायलाच हवा.

पण खरी गंमत फुगून गोल झाल्यावर सुरू होते. बघणाऱ्याला वाटतं, झालं काम. काम झालेलं नसतं, कारण गोल दिसणं आणि दाब असणं यांचा काडीचा संबंध नाही. काटा तेव्हा जेमतेम हलायला लागलेला असतो. तिथले जुने सारंग, ज्यांना सगळे चाचा म्हणतात, आयुष्य बोटीवर गेलेले रत्नागिरीकडचे गृहस्थ, ते आता कुठे खुर्चीवरून उठले. कॉम्प्रेसर बंद करवला. भरायच्या तोंडाचा व्हॉल्व्ह बंद, होज सुटा, आणि मग गेज लावून काटा वाचला. कॉम्प्रेसर चालू असताना होजवरच्या गेजकडे बघून उपयोग नाही, कारण तिथे दिसतो तो वाहत्या हवेचा, ढकलणाऱ्याचा दाब. आतली हवा शांत झाल्यावर जो आकडा येतो तो खरा. थोडी हवा, पुन्हा बंद, पुन्हा काटा. असं करत करत चाचांनी तो पन्नास किलोपास्कलवर, म्हणजे त्याच अर्ध्या बारवर, आणून ठेवला आणि मग सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी मारलं. एकाही ठिकाणी बुडबुडा नाही.

"आणि साठ केला तर काय बिघडतं?" मी विचारलं.

"साहेब, बाजूला उभे राहा आधी," चाचा म्हणाले. मी नेमका टोकाच्या झाकणासमोर उभा होतो.

हेही त्याच वहीत उतरवलं. समजा ते तोंड ३० सेंटिमीटर व्यासाचं आहे, तर अर्ध्या बारच्या त्या 'किरकोळ' दाबाने झाकणाला आतून साडेतीनशे किलोचा रेटा बसतोय! आणि कातडीचं विचाराल तर ताण दाबावर जितका अवलंबून, तितकाच गोलाईच्या त्रिज्येवर. चेंडूची त्रिज्या वीतभरसुद्धा नाही, याची दीड मीटरच्या वर. त्यामुळे या फेंडरच्या पोटावरची मीटरभर रुंदीची पट्टी घेतली तर तिला आठ टनांहून जास्त ताण सोसावा लागतो. म्हणून तर बाहेर घासणीचं जाड रबर, आत हवा धरून ठेवणारं रबर आणि मधोमध टायरमध्ये असतात तसे कॉर्डचे थर. ताण घेतात ते थर, रबर नव्हे. अडीच मीटर आणि त्याहून जास्त व्यासाच्या फेंडरना सुरक्षा व्हॉल्व्हही असतो, जास्त दाबला गेला की हवा सोडून देणारा.

मग पन्नासच का? इथे मी अक्षरशः उडालो. मला वाटायचं फेंडर कडक हवा, जितका टणक तितका दणकट. उलटं आहे! तो सुरुवातीला मऊच असायला हवा, कारण टणकपणा त्याला जहाजच देतं. जहाज टेकलं, फेंडर चेपला, आतली जागा कमी झाली, हवा दाटली. शाळेत पाठ केलेला तो बॉइलचा नियम, १६६२ सालचा, इथे उरणच्या चिखलात पोट धरून उभा! या फेंडरांचं आंतरराष्ट्रीय मानक आहे आयएसओ १७३५७, २००२ मध्ये आलेलं. त्यात फेंडर व्यासाच्या साठ टक्के चेपला जाईपर्यंतचा हिशेब धरलाय. तेवढा चेपला की आतला दाब पन्नासवरून एकशेपंचेचाळीसच्या आसपास चढतो, आणि जहाजाच्या पत्र्याला जाणवतो तोही जवळपास तेवढाच. रेटा तीनशे टनांचा, पण पत्र्यावर पसरलेला, कुठे टोचणारा नाही. या आकाराचा फेंडर त्या एका दाबण्यात सुमारे अठराशे किलोज्यूल ऊर्जा पोटात घेतो. पाण्याचा, कोनाचा हिशेब बाजूला ठेवला तर लाख टनांचं जहाज सेकंदाला एकोणीस सेंटिमीटर वेगाने येऊन थांबावं, इतकी.

आता सुरुवातच साठ-सत्तरपासून केली तर? रेटा पहिल्यापासून जास्त, पत्र्यावरचा दाब जास्त, आणि कातडीवरचा ताणही ठरल्याबाहेर. तीस ठेवला तर? जहाज थांबायच्या आधीच फेंडर चपटा होणार आणि लोखंड लोखंडाला भिडणार. ऐंशी किलोपास्कलचे फेंडरही असतात, पण ते मुळात तेवढ्यासाठीच बांधलेले. पन्नासवाल्यात ऐंशी भरायचं नाही. कुठला कोण ते अंगावरच लिहिलेलं असतं.

आणि ऊन! हे तर मला कुणी सांगितलंच नव्हतं. गेज दाखवतो तो बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब. आतला खरा दाब धरायचा तर वातावरणाचे १०१ त्यात मिळवायचे. म्हणजे साधारण १५१, आणि तापमानाबरोबर नाचतात ते हे १५१. भर दुपारी काळ्या रबराच्या आतली हवा पन्नास अंशांवर गेली असताना काटा बरोब्बर पन्नासवर आणलात आणि मग फेंडर अठ्ठावीस अंशांच्या पाण्यात सोडलात, तर काही वेळाने तिथे चाळीस राहतात. पंचमांश गायब, आणि गळती शोधायला जाल तर एक बुडबुडा मिळणार नाही! चाचा म्हणूनच दाब सकाळी, सावली असताना तपासतात. उन्हात चढलेला काटा बघून हवा सोडणाऱ्यांवर त्यांचा विशेष राग. तो त्यांनी मालवणी-उर्दू मिश्रणात व्यक्त केला, तो इथे छापता येणार नाही. फेंडर दोन जहाजांमध्ये दबलेला असताना घेतलेलं मापही बाद. ठरलेला दाब हा मोकळ्या फेंडरचा.

यार्डात या वस्तूला सगळे 'योकोहामा'च म्हणतात, कंपनी कुठलीही असो. कारण १९५८ मध्ये योकोहामा रबरने हे फेंडर पहिल्यांदा बनवले. आणि त्याआधी? ऐका. देवमाशांची शिकार करणारी जहाजं समुद्रात एकमेकांना लागायची तेव्हा मध्ये मेलेले देवमासेच फेंडर म्हणून टाकायची! मऊ, मोठा, तरंगणारा. मला त्या कल्पनेनं आधी शिसारी आली आणि मग वाटलं, ज्या कुणाला त्या धडाकडे बघून 'याच्या जागी हवा' सुचली, त्याचे पाय धरावेत. आता तेच फेंडर तेल एका टँकरमधून दुसऱ्यात घेताना, बार्जमध्ये माल उतरवताना, बाजूने टायरांची नि साखळ्यांची जाळी नेसून उभे असतात.

निघताना भावाने सांगितलं की याहून मोठा एक नेहमीचा आकार ४.५ बाय ९ मीटरचा, ऊर्जा याच्या अडीचपटीहून जास्त, आणि तसला एक पावसाळ्यानंतर दुरुस्तीला यायचाय. मी तिथल्या तिथे चाचांना विचारून टाकलं, मी आलो तर चालेल का. ते म्हणाले, "या की. पण सकाळी सातला या, दुपारी येऊन फोटो काढणारे आम्हाला नकोत."

सातला म्हणजे पहाटे चारला उठून निघायला हवं. बायको म्हणते, रबराच्या लोडासाठी कुणी चारला उठतं का? तिला मी तो पन्नासचा चाळीस कसा होतो ते पुन्हा एकदा, कागदावर, नीट समजावणार आहे.