एका बाराची बंदूक

शाळेत दिवसातून निदान दहा वेळा मी 'शिस्त' हा शब्द उच्चारतो. मुलांना त्याचा अर्थ रांग, छडी आणि तोंडावर बोट एवढाच वाटतो, आणि त्यांना तो तसाच वाटावा अशी वडीलधाऱ्यांची इच्छा असते. पण हा शब्द मुळात शाळेचा नव्हेच. फारसीतून तो आपल्याकडे आला तो तिरंदाजीच्या संगतीने. जुन्या मराठीत 'शिस्त धरणे' म्हणजे नेम धरणे. आणि ज्या ठिपक्यावरून ही शिस्त धरायची, त्या नळीच्या टोकावरच्या ठिपक्याला आपल्या लोकांनी नाव दिले 'माशी'! नळीवर खरोखरच एखादी माशी येऊन बसावी तसा तो दिसतो. कोशात हे सारे मी वाचले होते. पण आमच्या मामांना बंदूक घ्यायची झाली तेव्हा त्या शब्दांत जीव आला.

मामांची वाडी पालघरहून बोईसरकडे येताना रुळांच्या पूर्वेला आहे. वाडी म्हणजे काही चिकू, चार आंबे आणि खालच्या अंगाला दीड एकर भात. पश्चिमेला तारापूर. तिथे १९६९ पासून अणूचा फोड करून वीज काढतात. रात्री मामांच्या माळ्यावर बसले की बोईसरच्या कारखान्यांचा उजेड आभाळात पसरलेला दिसतो आणि त्याच आभाळाखाली काळोखात डुकरांचा कळप भातात शिरतो. दाणा दुधात भरला की हे पाहुणे ठरलेले. खातात ते थोडे, लोळून तुडवतात ते फार. सकाळी शेत पाहिले तर एखाद्या दांडग्या मुलाने पाटी पुसावी तसे पुसलेले!

त्यांच्यावर उपाय म्हणून आजोबांच्या वेळची एक ठासणीची बंदूक घरात होती. आधी दारू, वर चिंधीचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, ते सगळे गजाने ठासायचे आणि शेवटी घोड्याखाली तांब्याची टोपी बसवायची. एवढा सोपस्कार झाला की एक बार. बार झाला की पांढऱ्या धुराचा असा लोट उठे की समोरचे जनावर पडले की पळाले हे कळायलाच वेळ लागे. दुसरा बार भरून होईतो डुक्कर पुढच्या गावची हद्द ओलांडी. काळ्या दारूची राख नळीत राहिली तर ती नळी खाते. म्हणून आजोबा बार काढल्यावर नळी कढत पाण्याने धूत. मामांनी तो नेम पाळला नाही. शेवटी कारागिराने नळीत डोकावून निकाल दिला, "ही आता पुढच्यापेक्षा मागच्याला अधिक धोक्याची."

एका बाराची बंदूक आमच्या किनाऱ्याला नवी नाही. १७३९ च्या जानेवारीत चिमाजी आप्पांच्या फौजेने तारापूरचा कोट घेतला, तेव्हा दोन्हीकडच्या शिपायांना एकेक बार ठासूनच लढावे लागले. बाजी भिवराव रेठरेकर तिथे गोळी लागून पडले. कोटाचे दगड आजही उभे आहेत. मी दरवर्षी मुलांना तिथे नेतो आणि मुले तिथे चिंचा खातात.

असो. बंदूक घ्यायची ठरली आणि घरात सल्लागारांची दाटी झाली. बोईसरच्या एका कारखान्यात नोकरीस असलेला माझा मामेभाऊ म्हणाला, "रायफलच घ्या, वर दुर्बीण लावलेली. अर्ध्या मैलावरून काम तमाम." हे ज्ञान सिनेमातले. मी कायदा वाचून पाहिला. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक सांगितली आहे. तिने भागत नाही असे अधिकाऱ्यांना पटले, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मिळू शकते. रायफलीचे नाव त्या कलमात नाही. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्यापासून बंदुकीचा परवाना म्हणजे डुकराचा परवाना नव्हे. डुक्कर मारायचे तर वनखात्याची वेगळी परवानगी हवी. हे ऐकून मामी म्हणाल्या, "म्हणजे डुकराने भात खायला परवाना नको, आणि आपल्याला वाचवायला दोन!" मामींना कायद्याचे शिक्षण मिळाले असते तर पुष्कळ वकिलांची पंचाईत झाली असती.

कागदपत्रांसाठी पूर्वी ठाण्यास खेटे घालावे लागत. २०१४ साली पालघर जिल्हा झाला आणि आता कचेरी कोळगावातच आहे. ते काम आटोपून मी आणि मामा डहाणू लोकलने मुंबईस एका जुन्या बंदूकवाल्याकडे गेलो. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. भिंगाचे नि प्रकाशाचे जे काही मला ठाऊक आहे ते तेवढ्याच शिदोरीवर. पण मामांच्या मते मी कादंबऱ्या लिहितो, तेव्हा मला सगळ्यातले कळत असलेच पाहिजे.

दुकानदार वृद्ध, बोलायला हळू. त्यांच्या काचेच्या कपाटात एक रायफल होती. विकण्यासाठी नव्हे, नुसती ठेवलेली. १८७२ मध्ये जॉन फार्कर्सन या स्कॉट माणसाने जिचे पेटंट घेतले त्या बनावटीची. चापाखालची दांडी खाली ओढली की नळीच्या मागचा पोलादी ठोकळा सरळ खाली उतरतो. उघड्या तोंडात एक काडतूस सरकवायचे, दांडी वर घ्यायची, झाले. एकच काडतूस! पाच गोळ्यांच्या रायफली बाजारात आल्यावरही कित्येक शिकाऱ्यांनी हिची संगत सोडली नाही. ठोकळा भक्कम, मागचा पसारा आखूड, म्हणून तेवढ्याच लांबीत नळी लांब मिळे. नळीच्या आत पिळाच्या खाचा. त्या खाचांवरूनच 'रायफल' हे नाव पडले. गोळी भोवऱ्यासारखी फिरत जाते म्हणून सरळ जाते.

पण मला मोह पडला तो तिच्यावरच्या शिस्तीच्या साधनांचा. मागे रुंद, उथळ अशी इंग्रजी व्ही अक्षराची खाच आणि तिच्या मधोमध चांदीची बारीक रेघ. शेजारी दोन पाती मिटलेली, लांबच्या पल्ल्यासाठी एकेक उभे करायचे. टोकाला माशीच्या जागी हस्तिदंती मणी, कारण संधिप्रकाशात काळे टोक हरवते आणि पांढरे राहते. काळोखासाठी आणखी एक मोठा पांढरा मणी बिजागरीवर निजवलेला. ज्याने हे घडवले त्याने रात्रीच्या रानात डोळ्याचे काय होते हे नीट पाहिले होते.

दुकानदार म्हणाले, "मास्तर, बंदूक सगळे हाताने निवडतात. ती डोळ्याने निवडायची असते. मागची खाच, पुढची माशी आणि समोरचे जनावर या तीन गोष्टी तीन अंतरांवर, आणि डोळा एका वेळी एकच स्वच्छ पाहतो. तेव्हा स्वच्छ पाहायची ती माशी. बाकीची दोन थोडी पुसट चालतात." तरुणपणी डोळा या तिन्हींवर इतक्या चपळाईने फिरतो की हे कळतही नाही. चाळिशीनंतर डोळ्याचे भिंग ताठर होते आणि माशीला पिसे फुटतात. मी चष्मा काढून पाहिले. फुटली होती.

मामेभावाच्या दुर्बिणीचा मी उल्लेख केला. ते हसले. "दुर्बीण डुकराला जवळ आणील. पण डुकराच्या बाजूला कोण आहे ते तिच्या काचेबाहेर राहील." मागच्या खाचेऐवजी बारीक भोकाची चकती असते, तिच्यातून म्हाताऱ्या डोळ्यालाही सारे रेखीव दिसते. पण रात्री ते भोकच काळे होते. राहता राहिली साधी माशी आणि लांब नळी. लांब नळी कशाला, याचे गणित त्यांनी पावतीच्या पाठीवर मांडले. खाच आणि माशी यांत ८०० मिलिमीटर अंतर असेल आणि माशी १ मिलिमीटर चुकली, तर ४० मीटरवर गोळी ५० मिलिमीटर चुकते. अंतर निम्मे केले तर चूक दुप्पट. हे त्रैराशिक मी पुढे सातवीला घातले. डुकराच्या निमित्ताने वर्गातल्या पुष्कळांना ते सुटले.

मग त्यांनी ठासणीची एक नवी बंदूक मामांच्या हाती दिली. डोळे मिटून खांद्याला लावा, मग उघडा. माशी आपसूक खाचेत आलेली दिसली तर दस्ता तुमच्या अंगाचा. मामांनी तसे केले. दुकानदार नळीच्या टोकाशी उभे होते.

"माशी दिसते?"

"दिसते की."

"कशी?"

"अगदी स्वच्छ. मोत्यासारखी."

मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी अंगठ्याने माशी झाकून धरली होती.

त्यांनी अंगठा काढला, बंदूक अलगद मामांच्या हातून घेतली आणि म्हणाले, "काका, दस्ता तुमच्या मापाचा आहे. मी ही तुमच्यासाठी ठेवून देतो. आधी डोळे दाखवून या." परतीच्या लोकलमध्ये मामा विरारपर्यंत बोलले नाहीत. पुढे म्हणाले, "तुझ्या मामीला हे सांगू नकोस." डोळ्यांच्या डॉक्टरांचे नाव मात्र त्यांनी घेतले नाही.

२०२५ च्या सुरुवातीस मनोरकडच्या बोरशेटीच्या जंगलात काही गावकरी रानडुकराच्या शिकारीस गेले. त्यांच्यातल्या एकाच्या गोळीने सोबतच्याच माणसाचा जीव गेला. डुक्कर समजून बार झाला होता, असे तपासात पुढे आले. आमच्या भागात कितीतरी दिवस घरोघर दुसरा विषय नव्हता. मामा ओसरीवर बसून ऐकत. त्यांच्या खालच्या शेताच्या बांधावरून कारखान्याच्या रात्रपाळीची पोरे पायवाटेने येतात-जातात. चौथ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात उभे राहिले. हातात पिशवी, पिशवीत धोतर आणि टॉवेल. "चल," म्हणाले, "मोतीबिंदू काढून येऊ."

पावसाळ्याआधी बंदूक घरी आली. लांब नळी, पितळी माशी. मामा तिला रोज संध्याकाळी चुन्याचे बोट लावतात. तोच त्यांचा हस्तिदंत. बार झाला की नळी कढत पाण्याने धुतली जाते. वनखात्याची परवानगी अजून आलेली नाही, म्हणून दारू भरतात, छर्रे भरत नाहीत, नुसताच आवाज काढतात. तो आवाज काढण्याआधीही आधी विजेरीचा झोत टाकतात आणि खालच्या वाटेला "कोण आहे रे?" म्हणून तीनदा हाक घालतात. ती ऐकून डुकरे निम्मी पळतात आणि निम्मी जेवण आटोपून निघतात.

आश्विनात दोन गुंठे भात गेले. मामींनी त्याचा हिशेब चुलीजवळच्या भिंतीवर कोळशाने मांडून ठेवला आहे. मामा त्या भिंतीकडे पाहतात, चष्म्याशिवाय सगळे आकडे घडाघडा वाचून दाखवतात आणि चहा मागतात.